डेबियन वीकली न्यूजचे पहिले संपादक आणि सौरऊर्जेवरचे घर

माळरान (धागाकर्ता)

जानेवारी १९९९ मध्ये ‘डेबियन वीकली न्यूज’ या साप्ताहिक वार्तापत्राचा पहिला अंक निघाला. डेबियन ही लिनक्सवर आधारलेली, स्वयंसेवकांनी घडवलेली कार्यप्रणाली. इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये तिची सुरुवात केली आणि नव्वदचे दशक सरता सरता तिचा सगळा कारभार जगभर विखुरलेल्या लोकांच्या ईमेलवर चालू लागला होता. हा पत्रव्यवहार कोणालाही वाचायला मोकळा होता, पण त्याचा ढीग एवढा असे की नोकरी सांभाळून तो वाचून काढणे सामान्य वाचकाच्या आवाक्यातले नव्हते. जोई हेस यांनी हे काम अंगावर घेतले. आठवडाभरातले वाद, निर्णय, नवी पॅकेजे (बसवायला तयार असे बांधून दिलेले प्रोग्राम) आणि सुरक्षेच्या सूचना वाचायच्या आणि ज्याला दहा मिनिटेच वेळ आहे त्यालाही चित्र स्पष्ट व्हावे असा सारांश लिहायचा, असे त्याचे स्वरूप होते.

मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स बसवले होते आणि व्हीएसएनएलचे डायल-अप तासांच्या हिशेबाने वापरत होतो. जोडणी लागली की ईमेल उतरवून घ्यायचे, लगेच फोन सोडायचा आणि मग निवांत वाचायचे, ही आमची रीत होती. त्या मर्यादेत संपूर्ण चर्चा उतरवणे शक्यच नव्हते, त्यामुळे आठवड्याचा हा एक सारांश म्हणजे आम्हांला त्या जगात डोकावायची खिडकी होती. कोण कोणाशी कशावरून असहमत आहे हे पुण्यातल्या एका खोलीत बसून कळत असे.

२००० साल संपताना हेस यांनी वार्तापत्राचे काम सोडले आणि ते मार्टिन शुल्झे यांच्याकडे गेले. शुल्झे यांचेही टोपणनाव जोई, त्यामुळे एका जोईने दुसऱ्या जोईच्या हाती कारभार दिला असे झाले. हेस डेबियनमध्ये मात्र राहिले. डेबियनच्या इन्स्टॉलरचे काम ज्यांनी पुढे होऊन उभे केले, त्यांत ते होते आणि तो इन्स्टॉलर २००५ मध्ये ‘सार्ज’ या आवृत्तीबरोबर सर्वांपर्यंत पोहोचला. आज त्यात मराठीही निवडता येते, हे जाता जाता नोंदवतो. पुढे ते अमेरिकेच्या ग्रामीण भागात, वीजमंडळाच्या तारेशी संबंध नसलेल्या, सौरऊर्जेवर चालणाऱ्या घरात राहून काम करू लागले आणि १९९६ पासून ज्या डेबियनमध्ये होते त्यातून नोव्हेंबर २०१४ मध्ये बाहेर पडले.

मी स्वतः सहा वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून खटाव तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी राहायला आलो. अलीकडे हेस यांच्या घरातल्या फ्रिजबद्दलचे टिपण वाचले आणि हा धागा काढावासा वाटला. संपादक काम सोडून गावाकडे गेला की आपल्याकडे पटकन ‘वानप्रस्थ’ हा शब्द वापरला जातो. मला तो इथे लागू पडत नाही असे वाटते, कारण हेस यांचे सर्वांत मोलाचे म्हणावे असे काही काम त्या घरात बसूनच झालेले आहे. आपणांस काय वाटते, ते अवश्य लिहावे.

जुनी वही

धाग्याबद्दल आभार. एक दुरुस्ती मात्र सुरुवातीलाच केलेली बरी. शीर्षक आणि शेवटचा परिच्छेद एकत्र वाचले, तर हेस यांनी गावासाठी वार्तापत्र सोडले असा समज होतो. तसे म्हणता येणार नाही. वार्तापत्र सोडणे, ग्रामीण भागात स्थिरावणे आणि डेबियन सोडणे हे तीन निर्णय एकाच माणसाचे असले, तरी त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत आणि २०१४ च्या निर्णयाची कारणे तर पूर्ण वेगळी आहेत. आपण त्यांना एका सुतात ओवताना एवढे भान ठेवावे.

दुसरे, त्या काळात असे सारांश लिहिणारे हेस एकटे नव्हते. जानेवारी १९९८ मध्ये जोनाथन कॉर्बेट आणि एलिझाबेथ कूलबॉ यांनी ‘लिनक्स वीकली न्यूज’ सुरू केले होते. ‘कर्नल ट्रॅफिक’ हे लिनक्सच्या कर्नलवरच्या, म्हणजे गाभ्यावरच्या, चर्चेचा सारांश देणारे पत्र झॅक ब्राउन यांनी १९९९ मध्ये सुरू केले आणि २००५ मध्ये ते थांबले. ‘लिनक्स वीकली न्यूज’चीही अखेर २००२ च्या उन्हाळ्यात जवळजवळ झालीच होती, पैसे संपले, आता बंद करतो, असे त्यांनी जाहीर केले. त्यावर वाचकांनी आपण होऊन देणग्या पाठवल्या, म्हणून त्यांनी वर्गणीची पद्धत आणली आणि वर्गणीदारांचे लेख काही दिवसांनी सर्वांना मोकळे करायचे ठरवले. त्या निर्णयावर ते पत्र आजतागायत चालू आहे. माझ्या अनुभवाने, साप्ताहिक चालवणाऱ्या माणसाला दर आठवड्याला तीच धाप लागते आणि वाचकाला तिचा पत्ताही नसतो.

सोनचाफा

जुनी वही यांच्या शेवटच्या वाक्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. मी गेली अकरा वर्षे एका तांत्रिक गटाचे साप्ताहिक पत्रक एकटीने संपादित करते आहे. पत्रक लहान आहे, वाचकही मोजकेच. तरीही हे काम बाहेरून दिसते त्याहून फार वेगळे आहे, ते सांगते.

रविवारी रात्री जेवणे आटोपली की मी बसते. आठवड्याभरात साधारण तीनशे संदेश साठलेले असतात आणि त्यांतल्या आठ-दहा गोष्टी पत्रकात येतात. निवड करणे त्या मानाने सोपे असते. खरी कसोटी लागते ती दोन माणसे एकमेकांवर चिडून लिहीत असताना दोघांचेही म्हणणे प्रत्येकी दोन वाक्यांत असे मांडण्याची, की वाचल्यावर दोघांनाही ‘हो, मी हेच म्हणत होतो’ असे वाटावे. एका शब्दाने तोल जातो. ‘आक्षेप घेतला’ लिहायचे, ‘शंका विचारली’ लिहायचे, की ‘विरोध केला’, यावर मी पाऊण तास घालवलेला आहे. अंक गेला की सोमवारी कोणाचा तरी रागाचा ईमेल येतो. अंक चांगला झाला तर काहीच येत नाही. शिवाय एखाद्या वादात मला स्वतःला ठाम मत असते, तेव्हा ते गिळावे लागते, कारण आज मत मांडले तर पुढच्या रविवारी माझ्या सारांशावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

हेस यांनी दोन वर्षांत हे काम सोडले, याचे मला आश्चर्य वाटत नाही. ज्याला प्रोग्राम लिहायचे आहेत त्याने दर आठवड्याला दुसऱ्यांच्या वादांचा निवाडा का लिहीत बसावे? मला खरा प्रश्न पडतो तो दुसराच. त्यांना सोडता कसे आले? मला तीन वर्षांपासून सोडायचे आहे. सासरचे घर देवरुखजवळ आहे, सासूबाई आता एकट्या आहेत, आम्ही दोघांनीही तिकडे जायचे ठरवून झाले आहे. पण पत्रक कोणाच्या हाती द्यायचे हे ठरत नाही आणि म्हणून मुक्काम हलत नाही.

माळरान (धागाकर्ता)

जुनी वही, आपली दुरुस्ती मान्य आहे. मी तीन निर्णय एका श्वासात सांगितले, ते चुकले.

सोनचाफाताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा डेबियनच्या रीतीतच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. तिथे कोणी काम सोडतो तेव्हा ते गुपचूप पडून राहू नये, अशी व्यवस्था पूर्वीपासून आहे. सांभाळणारा माणूस गेला की त्याच्या पॅकेजला ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथ म्हणतात आणि तशी जाहीर नोंद होते. ‘मी अजून सांभाळतो आहे, पण कोणी दत्तक घेणार असेल तर द्यायचे आहे’ अशी वेगळी नोंद असते. ‘मला मदतनीस हवा आहे’ अशी तिसरी असते. या सगळ्या नोंदी एकाच ठिकाणी दिसतात. ज्याला नवे काम हवे आहे तो तिथे जातो, यादी पाहतो आणि ‘हे मी घेतो’ असे लिहितो.

या तीन नोंदींत मला मधली फार शहाणपणाची वाटते. आपण दमलो आहोत आणि तरीही काम टाकलेले नाही, ही अवस्था बहुतेकांची असते, पण ती सांगायला शब्द नसतो. त्यामुळे माणूस एक तर ओढत राहतो, नाही तर एके दिवशी नाहीसा होतो. डेबियनने त्या अवस्थेला नाव दिले आणि रकाना दिला. आपणही गेली तीन वर्षे नेमक्या त्याच रकान्यात आहात, फक्त तशी नोंद कोणाला दिसेल अशा जागी लिहिलेली नाही.

आणखी एक. हेस यांनी लिहिलेली साधने पाहिली तर त्यांतही हाच स्वभाव दिसतो. ‘डेबहेल्पर’ हे त्यांचे साधन पॅकेज बांधण्याच्या कामाचे लहान लहान तुकडे करते. कागदपत्रे जागी ठेवणारा एक तुकडा, परवानग्या नीट करणारा दुसरा, असे. २००८ मध्ये त्यांनी त्यात अशी सोय आणली की पॅकेज कसे बांधायचे हे सांगणाऱ्या ज्या नियमावलीला पूर्वी पानभर ओळी लागत, तिथे साध्या पॅकेजला तीन ओळी पुरू लागल्या. तीन ओळींची नियमावली दुसऱ्या माणसाला एका बैठकीत समजते. २०१४ मध्ये ते गेले तेव्हा डेबहेल्पर इतरांनी हाती घेतले आणि डेबियनची बहुतेक पॅकेजे आजही त्याच साधनाने बांधली जातात.

शुक्रतारा

चर्चा उत्तम चालली आहे, पण २०१४ चा विषय आपण फार हळुवारपणे ओलांडतो आहोत. हेस शांतपणे निवृत्त झाले नाहीत. त्या वर्षी डेबियनमध्ये सिस्टिमडी (संगणक सुरू होताना बाकीचे प्रोग्राम चालू करणारी प्रणाली) स्वीकारण्यावरून मोठा वाद पेटला होता. फेब्रुवारीत तांत्रिक समितीची मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ठराव झाला, तरीही वाद मिटला नाही आणि वर्षअखेरीस सर्व सदस्यांच्या मतदानापर्यंत गेला. त्या मतदानाचा निकाल लागण्याआधीच हेस बाहेर पडले. आपण ज्या प्रकल्पात आलो तो हा राहिलेला नाही, असे त्यांनी लिहिले आणि डेबियनच्या घटनेलाच, म्हणजे कारभाराच्या लेखी संविधानालाच, दोष दिला. ती घटना मांडली गेली तेव्हा ती खटकली असूनही आपण विरोधात बोललो नाही, याचा खेदही त्यांनी व्यक्त केला.

ज्या माणसाने एकेकाळी प्रत्येक वादाचे दोन्ही बाजूंनी सारांश लिहिले, त्याला अखेरीस वादाची ती पद्धतच असह्य झाली, हे मला या कहाणीतले सर्वांत दुःखद वाटते. गावातले घर आणि सूर्यप्रकाश यांचे वर्णन करताना ही बाजू झाकली जाऊ नये.

जुनी वही

शुक्रतारा यांचा मुद्दा रास्त आहे. मी एवढेच जोडतो की त्यांनी जाताना कोणा एका व्यक्तीवर ठपका ठेवला नाही. पद्धतीला दोष दिला आणि स्वतःचे मौन त्याच पत्रात कबूल केले. साप्ताहिकाचा संपादक होता, हे त्या पत्राच्या लांबीवरूनही कळते. अठरा वर्षांचा निरोप मोजक्या ओळींत आहे.

दगडफूल

मी पारनेर तालुक्यातला शेतकरी आहे, लिनक्स हौसेने वापरतो. आपण सगळे जाणकार आहात, पण ‘ग्रामीण जीवन’ हा शब्द इथे ज्या मऊपणाने वापरला जातो आहे, त्याने मी थोडा अस्वस्थ झालो, म्हणून लिहितो.

आमच्याकडे शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीने येते. एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रीची पाळी असली की बारा वाजता उठून, बॅटरी हातात घेऊन कांद्याला दारे धरायला जावे लागते. वाफा भरला की हे दार बंद करायचे, ते उघडायचे, मग पुढच्या वाफ्यावर. पाय चिखलात, बिबट्याची भीती खरीच, आणि मध्येच डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर पुढचे आठ दिवस वायरमनच्या मागे फिरायचे. अमेरिकेतला प्रोग्रामर डॉलरमध्ये पैसे मिळवून डोंगरात राहतो, त्याचे मला कौतुक आहे. पण ते गावात राहणे आहे, गावावर जगणे नव्हे. माळरान, आपणही रागावू नये, आपले घर चालते ते पिकावर की लॅपटॉपवर?

माळरान (धागाकर्ता)

दगडफूल, रागवायचे कारणच नाही. घर लॅपटॉपवर चालते. दोन एकरांत ज्वारी आणि हरभरा होतो, तो घरी खाण्यापुरता. आपण केलेला फरक अगदी बरोबर आहे आणि तो मी सुरुवातीलाच लिहायला हवा होता. हेस यांचेही तसेच. २०१२ मध्ये ‘गिट-अॅनेक्स’ या त्यांच्या प्रोग्रामच्या पुढच्या कामासाठी त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर लोकांकडे ३,००० डॉलर मागितले आणि त्याच्या कितीतरी पट जमले. कमी खर्चाचे घर असल्यामुळे तो पैसा त्यांना दीर्घ काळ पुरवता आला.

पण आपण विजेचा विषय काढलात, म्हणून ज्या टिपणावरून हा धागा सुरू झाला ते सांगतो. त्यांच्या फ्रिजचे नाव ‘फ्रिज-झिरो’. वरून उघडणारा, पेटीसारखा डीप फ्रीझर घेऊन त्यांनी त्याचा साधा फ्रिज केला. असा फ्रिज उघडला तरी थंड हवा खाली सांडत नाही, पेटीतच राहते. आत पाण्याचा जड साठा ठेवलेला असतो. दिवसा ऊन असेल तोवर फ्रिज चालतो आणि ते पाणी गार करून ठेवतो. रात्री तो बंद असतो आणि गार पाणी अन्न सांभाळते. रात्री फ्रिज चालवण्यासाठी बॅटरी नाही. ऊन किती आहे आणि आतले तापमान किती आहे हे पाहून चालू-बंद करण्याचा निर्णय त्यांनी हॅस्केल भाषेत लिहिलेला प्रोग्राम घेतो.

हे वाचताना मला आमच्या शेजारच्या मळ्यातला सौरपंप आठवला. त्यालाही बॅटरी नाही. सकाळी नऊच्या सुमारास पंप धरतो, आधी नळीतून हवा येते, मग धार बारीक पडते आणि ऊन चढले की मनगटाएवढी होते. ढग आला की पुन्हा बारीक. दिवसभर ते पाणी शेततळ्यात पडत राहते आणि पिकाला द्यायचे तेव्हा तळ्यातून उतारानेच दिले जाते. वीज साठवणे महाग आहे, म्हणून विजेने जे करायचे तेच करून ठेवायचे, कुठे पाणी वर चढवून, कुठे पाणी गार करून. आमच्या शेजाऱ्याने हे कोणाचे वाचून केलेले नाही, आणि हेस यांनी आमचा मळा पाहिलेला नाही.

गिट-अॅनेक्सही त्याच विचाराचे आहे. मोठ्या फायली वेगवेगळ्या डिस्कवर, वेगवेगळ्या घरी पडलेल्या असतात. कोणती फाईल कुठे आहे आणि तिच्या किती प्रती आहेत याची वही प्रत्येक संगणकावर असते. जोडणी नसेल तेव्हा आपले काम करत राहायचे, मिळेल तेव्हा वह्या जुळवून घ्यायच्या. ज्याच्याकडे चोवीस तास वेगवान जोडणी आहे त्याला अशा साधनाची निकड वाटली नसती, असे मला वाटते. पुढे मेंदूविज्ञानाच्या संशोधकांनी आपली प्रचंड माहिती सांभाळण्यासाठी त्यावर ‘डेटालॅड’ उभारले. म्हणून मी वानप्रस्थ हा शब्द नाकारला होता.

दगडफूल

सौरपंपाचे अगदी असेच आहे. आमच्याकडे गेल्या वर्षी बसला. रात्रीची दारे सुटली, हे मात्र मनापासून सांगतो. आषाढात चार दिवस ऊन पडले नाही तर अडचण येते, पण तेव्हा पिकालाही पाणी लागत नाही. फ्रिजचे टिपण वाचून पाहीन. दूध संकलनाची गाडी चुकली की सकाळचे चाळीस लिटर दूध दुपारपर्यंत टिकवणे ही आमची रोजची काळजी आहे. चाळीस लिटर कोमट दूध गार करायला पाण्याचा किती साठा लागेल, याचा हिशेब आपण करून द्याल का?

माळरान (धागाकर्ता)

आनंदाने. पाणी आणि दूध यांची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता जवळपास सारखीच असते, त्यामुळे ढोबळ हिशेब सोपा आहे. ३५ अंशांचे ४० लिटर दूध ४ अंशांच्या १६० लिटर पाण्याने गार केले, तर दोन्ही मिळून साधारण १० अंशांवर येतील. पाण्याऐवजी बर्फ वापरला तर साठा पुष्कळ कमी लागतो, कारण एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढ्यात एक किलो पाणी सुमारे ८० अंशांनी तापते. त्यामुळे आपल्या कामासाठी पेटी-फ्रीझर फ्रीझर म्हणूनच ठेवून दिवसा बर्फ करणे बरे पडेल. दूध हळूहळू ढवळत राहावे लागेल, नाही तर कॅनच्या मध्यभागी ते कोमटच राहते.

सोनचाफा

फ्रिजच्या चर्चेत मध्येच येते आहे, क्षमस्व. माळरान यांनी त्या तीन नोंदींबद्दल लिहिल्यावर मी दोन दिवस विचार केला आणि परवाच्या अंकात, सर्वांत वर, चार ओळी लिहिल्या: पत्रक मी अजून काढते आहे, पुढे कोणाला काढायचे असेल तर द्यायचे आहे. अकरा वर्षांत अंकात स्वतःबद्दल लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

शुक्रतारा यांनी लिहिलेलेही मनात होते. मला चिडून जायचे नाही, आणि आणखी दोन वर्षे ओढले असते तर कदाचित तसेच झाले असते.

दोघांचे ईमेल आले. एक नाशिकची मुलगी आहे, दोन वर्षांपासून पत्रक वाचते. तिने नमुना म्हणून मागच्या आठवड्यातल्या एका वादाचा सारांश लिहून पाठवला. त्यात एका बाजूसाठी तिने ‘हट्ट’ हा शब्द वापरला होता. मी तो बदलला नाही, नुसते त्याखाली रेघ मारून परत पाठवला. तासाभरात ‘आग्रह’ लिहून आले.

पुढचे चार अंक आम्ही दोघी मिळून काढणार आहोत. पाचवा ती काढेल आणि मी तो वाचकांबरोबरच वाचेन. दरम्यान कुठली गोष्ट कुठे सापडते, कोणाला काय विचारायचे आणि कोणाच्या रागाच्या ईमेलला उत्तर द्यायचे नसते, याची एक फाईल लिहायला घेतली आहे. देवरुखच्या घराची कौले पावसाआधी शाकारायची आहेत, त्यामुळे मुदत पक्की आहे.